राज्यांचे हक्क, कोणाबरोबर बसायचं याचं स्वातंत्र्य आणि अमेरिकेतला वंशभेद

प्रश्न थोडक्यात असा आलाय: माणसाने कोणाबरोबर उठावं-बसावं, कोणाला घरात घ्यावं, कोणाला हॉटेलात घ्यावं हे त्याचं त्याने ठरवावं, राज्याने आपले कायदे आपण करावेत, मग १९६४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने हॉटेलं, दुकानं, नोकऱ्या यांतला वंशभेद बंद करणारा सिव्हिल राइट्स अ‍ॅक्ट आणला ही दोन्ही स्वातंत्र्यांची गळचेपी नव्हती का? आणि तो कायदा बरोबर असेल तर इथली महाराष्ट्र मंडळं कशी चालतात, ती पण तर एकाच समाजाची ना?

मी कॅलिफोर्नियात वकिली करते, बरंचसं काम घरभाडं आणि घरखरेदीतल्या भेदभावाचं. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगळ्या शब्दांत सारखा येतो, 'घर माझं, हप्ते मी भरतो, मग भाडेकरू माझ्या पसंतीचा का नको?' उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी प्रश्नाच्या पोटातलं एक गृहीतक बाजूला काढू. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोरे आणि कृष्णवर्णीय आपापल्या मर्जीने वेगळे बसायचे आणि वॉशिंग्टनने येऊन त्यांना जबरदस्तीने एका टेबलावर बसवलं असं चित्र बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात जबरदस्ती आधीपासूनच चालू होती आणि ती राज्यं करत होती. लुइझियानाने १८९० मध्ये कायदा केला की रेल्वेने गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे ठेवायचेच. रेल्वे कंपन्यांना हा कायदा नकोसा होता, कारण सरळ आहे, डबे वाढले की खर्च वाढतो. न्यू ऑर्लिन्सच्या नागरिकांच्या समितीने १८९२ मध्ये होमर प्लेसीला मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसवून टेस्ट केस उभी केली तेव्हा रेल्वे कंपनीचीही त्याला साथ होती. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध एक मतांनी राज्याच्या बाजूने निकाल दिला आणि 'वेगळे पण समान' हे तत्त्व अर्ध्या शतकापेक्षा जास्त काळ देशाच्या डोक्यावर बसलं. त्या कायद्यात एक सूट होती, ती मला सगळ्यात बोलकी वाटते: गोऱ्या बाळाला सांभाळणारी कृष्णवर्णीय आया गोऱ्यांच्या डब्यात बसू शकत होती. म्हणजे शेजारी बसण्याचा त्रास नव्हताच, नोकर म्हणून बसली तर चालत होतं, तिकीट काढून प्रवासी म्हणून बसली तर नाही.

अजून बघा. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराचा नियम होता की एकाच खोलीत गोरे आणि कृष्णवर्णीय दोघांना जेवण द्यायचं असेल तर मध्ये किमान सात फूट उंचीची भक्कम भिंत आणि रस्त्याकडून वेगळे दरवाजे हवेत. त्याच शहरात गोऱ्याने आणि कृष्णवर्णीयाने एकत्र पत्ते, फासे, डॉमिनो किंवा बेसबॉल खेळणं हाही गुन्हा होता. यात स्वातंत्र्य कुठाय? दोन मित्रांना एक डाव टाकायचाय आणि नगरपालिका म्हणतेय नाही! साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलमध्ये १९६० साली दहा कृष्णवर्णीय मुलंमुली एका दुकानाच्या लंच काउंटरवर बसली, त्यांना अटक झाली, राज्याचं म्हणणं होतं की हा दुकानदाराचा खाजगी निर्णय. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये ते फेटाळलं, कारण शहराचा नियमच वेगळं बसवा असं सांगत होता, मग मालकाच्या मनात काय होतं ते विचारण्यात अर्थच नव्हता, त्याला निवडच ठेवली नव्हती.

पण माझ्या मते या सगळ्यातलं सर्वात जळजळीत उदाहरण केंटकीच्या बेरिया कॉलेजचं, ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणी ऐकलेलं नसतं. गुलामगिरीविरोधी लोकांनी १८५५ मध्ये सुरू केलेली खाजगी संस्था, यादवी युद्धानंतर गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं तिथे एकत्र शिकायची, संस्थेला ते हवं होतं, पालकांना चालत होतं, विद्यार्थी स्वतःहून येत होते. १९०४ मध्ये राज्याने कायदा करून असं एकत्र शिकवणं बंद केलं, खाजगी संस्थेतसुद्धा, आणि कॉलेजला हजार डॉलर दंड झाला. १९०८ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्याचीच बाजू घेतली. आता सांगा, 'कोणाबरोबर बसायचं ते आम्ही ठरवू' असं इथे नेमकं कोण म्हणत होतं? लग्नाचंही तेच. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, व्हर्जिनियात परत आल्यावर पोलिसांनी रात्री घरात घुसून त्यांना पकडलं आणि शिक्षा काय, तर एक वर्ष तुरुंग, पण पंचवीस वर्षं राज्याबाहेर राहणार असाल तर तुरुंग माफ. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कायदे रद्द केले तेव्हाही ते सोळा राज्यांत होते. नवराबायकोपेक्षा जवळची सोबत दुसरी कुठली असते? तीच राज्यांनी गुन्हा ठरवली होती.

आता गंमत ऐका. अमेरिकन घटनेत 'संघटना करण्याचं स्वातंत्र्य' असे शब्द नाहीतच. आपल्या घटनेत कलम १९ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय, अमेरिकेत ते कोर्टाने भाषण आणि सभेच्या स्वातंत्र्यातून काढलं. आणि ते ठामपणे मान्य झालं कुठल्या केसमध्ये, तर १९५८ च्या अलाबामाविरुद्धच्या केसमध्ये. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना, तिच्या अलाबामातल्या सगळ्या सभासदांची नावं आणि पत्ते राज्याने मागितले. यादी दिली असती तर काय झालं असतं ते सगळ्यांना माहीत होतं, नोकऱ्या गेल्या असत्या, घरांवर दगड पडले असते, कदाचित बॉम्ब. संघटनेने नकार दिला, एक लाख डॉलरचा दंड लागला, राज्यात काम करायला बंदी आली ती १९५६ पासून १९६४ पर्यंत चालली. सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की यादी मागता येणार नाही, लोकांना एकत्र येण्याचा हक्क आहे. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हार्लन म्हणजे प्लेसी केसमध्ये एकट्याने विरोधी मत देणाऱ्या हार्लन यांचे नातू. म्हणजे वंशभेदाच्या समर्थनासाठी आज जो हक्क पुढे केला जातो, तो मुळात वंशभेदी राज्याच्या विरोधात मिळवलेला आहे.

राज्यांच्या हक्कांचं बोलू. दक्षिणेच्या राज्यांना हे तत्त्व खरोखर प्रिय होतं का? १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा काढून बघा. उत्तरेतली राज्यं म्हणत होती, आमच्या हद्दीत आलेल्या माणसाला आम्ही असा पकडू देणार नाही, त्यासाठी त्यांनी स्वतःचे कायदे केले होते. तेव्हा दक्षिणेला केंद्राचा मार्शल हवा होता, केंद्राचं कोर्ट हवं होतं, आणि केंद्राने उत्तरेच्या राज्यांचे कायदे मोडून काढायला हवे होते. साउथ कॅरोलिनाने १८६० मध्ये संघराज्यातून फुटून निघताना जो जाहीरनामा काढला त्यात मुख्य तक्रारच ही आहे की उत्तरेची राज्यं आपापला कायदा चालवतायत आणि गुलाम परत करत नाहीत. शंभर वर्षांनी तीच राज्यं राज्यांचे हक्क म्हणून ओरडायला लागली, म्हणून मी क्लायंटना सांगते की तत्त्व कोण कधी आठवतं ते बघा.

अर्थात कोणी ढोंगीपणाने वापरलं म्हणून तत्त्व खोटं ठरत नाही, हेही खरंय. दहावी घटनादुरुस्ती आहे, जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा लोकांकडे. पण यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली आणि तिने थेट राज्यांना उद्देशून सांगितलं की कुठल्याही माणसाला कायद्याचं समान संरक्षण नाकारता येणार नाही. त्यामुळे त्यानंतर शाळा कशा चालवायच्या, रस्ते कसे बांधायचे, दारू कोणाला विकू द्यायची हे राज्याचं, पण हे करताना माणसाचा रंग बघून दोन दारं ठेवायची सूट त्यात येत नाही. व्हर्जिनियाच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने याला कशी बगल द्यायची ते दाखवलं. १९५१ मध्ये तिथल्या मोटन हायस्कूलच्या सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने डांबरी कागदाच्या गळक्या वर्गांविरुद्ध संप केला होता, तीच केस पुढे १९५४ च्या ब्राउन निकालात गेली, ज्यात सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवला. निकाल अंमलात आणायची वेळ आली तर काउंटीने १९५९ मध्ये सरकारी शाळाच बंद करून टाकल्या! शाळेसाठी कर बसवायलाच नकार दिला, गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकादमी निघाली आणि तिच्या फीला राज्याच्या आणि काउंटीच्या पैशातून मदत. बहुतेक कृष्णवर्णीय मुलं घरी, काही नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी, १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा उघडायला लावेपर्यंत पाच वर्षं. सात वर्षांचं पोर बारा वर्षांचं झालं तोवर. खाजगी शाळा, स्थानिक निर्णय, पालकांची पसंती, सगळे शब्द गोंडस होते, पैसा मात्र सरकारी.

उलट बाजूही सांगते, कारण राज्यांची सत्ता मला नको आहे असं अजिबात नाही. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने १९४५ मध्येच भेदभावविरोधी कायदे केले, केंद्राच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. कॅलिफोर्नियाचा धंद्यांमधल्या भेदभावाविरुद्धचा अनरू कायदा १९५९ चा. माझ्या निम्म्या केसेस राज्याच्या कायद्यावर उभ्या असतात कारण तो केंद्राच्या कायद्यापेक्षा कडक आहे. केंद्राने किमान पातळी ठरवायची, राज्याने हवं तर तिच्या वर जायचं, खाली नाही.

आता अवघड भाग. समजा सगळे सक्तीचे कायदे गेले, भिंती पाडल्या, आणि एक हॉटेलवाला स्वतःच्या मर्जीने म्हणतो मी कृष्णवर्णीयांना वाढणार नाही. इथे सरकार कुठल्या अधिकाराने मध्ये पडतं? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उडवून लावणारे लोक मला आवडत नाहीत. सुप्रीम कोर्टानेच १८८३ मध्ये म्हटलं होतं की चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसाला नाही, आणि १८७५ चा नागरी हक्क कायदा त्याच मुद्द्यावर पडला. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४ च्या कायद्याविरुद्ध मत दिलं ते याच कारणाने, १९५७ आणि १९६० च्या कायद्यांना त्यांचा पाठिंबा होता. (त्या वर्षी अध्यक्षपदाला उभे राहून ते स्वतःचं अ‍ॅरिझोना आणि अगदी दक्षिणेतली पाच राज्यं एवढंच जिंकले, त्यावरून मतदारांनी काय अर्थ घेतला तो कळतो.)

म्हणून १९६४ चा कायदा करणाऱ्यांनी दुसरा रस्ता धरला, आंतरराज्य व्यापाराचा. अटलांटातलं २१६ खोल्यांचं हार्ट ऑफ अटलांटा मोटेल, मालक स्वतः वकील, मोरटन रोलस्टन, स्वतःच सुप्रीम कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला नको त्या गिऱ्हाइकाला खोली द्यायला लावणं म्हणजे मला गुलाम करण्यासारखं आहे. गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती त्याने स्वतःसाठी मागितली, काय बोलणार! कोर्ट म्हणालं तुझे सुमारे पाऊणशे टक्के पाहुणे बाहेरच्या राज्यांतले, हा व्यापार आहे आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, त्याचं नियमन करू शकते. बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यूची केस जास्त ओढूनताणून होती. तिथे कृष्णवर्णीयांना फक्त पार्सल मिळायचं, स्वयंपाकाला आणि वाढायला मात्र दोनतृतीयांश माणसं तीच. गिऱ्हाईक स्थानिक, मग व्यापार कुठला? तर वर्षभरात जो दीड लाख डॉलरचा माल घेतला त्यातला ४६ टक्के माल म्हणजे बाहेरच्या राज्यातून आलेलं मांस. दोन्ही निकाल एकमताने, डिसेंबर १९६४. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मांसाच्या बिलावर सुटला हे मला आजही खटकतं, चौदाव्या दुरुस्तीवरच सरळ लढायला हवं होतं असं माझं मत, पण १८८३ चा निकाल आडवा होता आणि त्या वेळच्या वकिलांना केस जिंकायची होती.

आणि 'मालकाची मर्जी' किती मर्जी होती तेही बघा. १९५४ पासून दक्षिणेत गावोगावी व्हाइट सिटिझन्स कौन्सिल नावाच्या, वंशभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या संघटना निघाल्या होत्या, कोणी दुकानदाराने सगळ्यांना सारखं वागवलं तर त्याचं बँकेचं कर्ज अडकायचं, गिऱ्हाईक तुटायचं. गावकीने वाळीत टाकणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. कायदा आल्यावर कित्येक मालकांना सुटल्यासारखं झालं, 'काय करणार, सरकारने भाग पाडलं' म्हणायची सोय झाली.

बरं, मग स्वातंत्र्य उरलंच नाही का? उरलं. १९६४ च्या कायद्यातच सूट आहे की मालक स्वतः राहतो अशा घरात भाड्याच्या पाचपर्यंत खोल्या असतील तर तो लॉजिंगचा नियम त्याला लागू नाही, आणि खरोखर खाजगी असलेल्या क्लबलाही नाही. 'खरोखर' या अटीवर मग वर्षानुवर्षं भांडणं झाली. अर्कान्सामध्ये लिटल रॉकजवळ लेक निक्सन नावाचं पोहायचं, होड्या फिरवायचं ठिकाण होतं, तिथल्या मालकांनी स्वतःला क्लब म्हणवून घेतलं, पंचवीस सेंट भरले की गोऱ्याला सीझनचं मेंबरशिप कार्ड. सीझनला एक लाखाच्या आसपास माणसं यायची! कोर्टाने १९६९ मध्ये हे सोंग ओळखलं. महाडच्या चवदार तळ्याची केस आठवते का? १९२७ च्या सत्याग्रहानंतर तिथल्या सवर्णांनी दावा लावला की तळं सार्वजनिक नाहीच, ते आमचं खाजगी आहे, आणि दहा वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबई हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. पुढे घटना समितीत त्यांनी 'दुकान' म्हणजे जिथे मालक येईल त्याला सेवा द्यायला तयार असतो अशी कुठलीही जागा असं सांगितलं, त्यात लाँड्री आली, न्हाव्याचं दुकान आलं. दुकानं, हॉटेलं यांतला भेदभाव बंद करणारं आपलं कलम १५(२) त्यामुळे खाजगी दुकानदारालाही थेट लागू पडतं, मांसाचं बिल शोधायला लागत नाही. तरी २००५ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीचा फक्त पारशांना सभासद करण्याचा नियम वैध धरला, म्हणजे भारतातही रेषा सरळ नाही.

अमेरिकेत आज रेषा साधारण अशी आहे: नातं जितकं जवळचं आणि खाजगी तितकं स्वातंत्र्य जास्त, दार जितकं सगळ्यांसाठी उघडं तितकं कमी. १९७६ मध्ये व्हर्जिनियातल्या खाजगी शाळांना कोर्टाने सांगितलं, वंशभेद चांगला असं शिकवायचं तर शिकवा, ते तुमचं विचारस्वातंत्र्य, पण त्या कारणाने मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. मला ही फोड पटते.

रेषा फक्त दक्षिणेला लागली असंही समजू नका. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या सुमारे ६५ टक्के मतदारांनी, त्याच मतदानात अध्यक्ष जॉन्सनना भरभरून मतं देऊन, प्रपोझिशन १४ पास केलं, म्हणजे मालकाने घर कोणालाही नाकारावं, राज्याने बोलू नये. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असं ते रद्द केलं. आजही जुन्या घरांच्या कागदपत्रांत 'कॉकेशियन वंशाच्या माणसालाच विकावं' अशी अट सापडते, क्लायंट घाबरून फोन करतात. घाबरू नका, १९४८ च्या शेली निकालानंतर ती कोर्टात चालत नाही, आणि भारतीय माणूस त्या अटीत कुठे बसायचा असं विचाराल तर १९२३ मध्ये नागरिकत्वासाठी लढणाऱ्या भगतसिंग थिंद यांना सुप्रीम कोर्टाने तुम्ही गोरे नाही असं सांगितलेलं आहे.

आता मूळ प्रश्न. मंडळाने मराठी कार्यक्रम करावेत, मराठीतून करावेत, मेंबरांना सवलत द्यावी, काही अडचण नाही. पण हॉल घेऊन दारावर तिकीट विकून कोणाला त्याच्या वंशामुळे परत पाठवलं तर तो कार्यक्रम खाजगी राहत नाही आणि मग माझ्यासारख्या वकिलाची गाठ पडते. घराचं असं की स्वतः राहत असलेल्या फ्लॅटमध्ये रूममेट निवडताना तुम्हाला बरीच मोकळीक आहे, आमच्या नाइन्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने २०१२ मध्ये रूममेट डॉट कॉमच्या केसमध्ये तसं सांगितलंय. मागचं वेगळं युनिट भाड्याने देताना मात्र गोष्ट बदलते. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात मालक राहतो अशा चार युनिटपर्यंतच्या घराला सूट आहे हे वाचून लोक खूश होतात, पण ती सूट जाहिरातीला नाही, आणि १८६६ चा जुना नागरी हक्क कायदा वंशाच्या बाबतीत कुठलीच सूट देत नाही, १९८७ नंतर त्यात वांशिक मूळही धरलं जातं, शिवाय राज्याचा कायदा वेगळाच. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'ओन्ली इंडियन फॅमिली' किंवा 'फक्त महाराष्ट्रीयन' असं टाकायचं बंद करा, तो स्क्रीनशॉट समोरच्या वकिलाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर असतो. जाहिरातीत घराबद्दल लिहा, बेडरूम किती, भाडं किती, पार्किंग आहे का, सिगारेट चालेल का, आणि आलेल्या प्रत्येकाला तोच फॉर्म आणि तीच क्रेडिटची अट लावा.